कोरिनचं मत

एल्डनच्या हायस्कुलात टॉफ्ट सरांच्या तासाला डुलकी काढायची सोय नव्हती. बारावीच्या मुलांना ते 'सरकार' हा विषय शिकवायचे, पण नुसतं पुस्तकातून नाही. वर्गाच्या एका कोपऱ्यात सिनेट बसायची, दुसऱ्यात प्रतिनिधीगृह, आणि शाळेच्या जेवणात तिखट राजम्याच्या चिलीबरोबर दालचिनीचा रोल रोज मिळालाच पाहिजे असं विधेयक मांडलं जायचं. ते समितीत अडकायचं. मुलं चिडायची, एकमेकांवर ओरडायची आणि सर टेबलाला टेकून खूश होऊन बघत राहायचे.

"चिडलात ना? मग थोडंफार कळलं तुम्हाला सरकार," म्हणायचे.

वेंडल टॉफ्ट म्हणजे उंच, किडकिडीत माणूस. बायको वारल्यापासून घरी एकटेच. नेब्रास्का राज्याबाहेर फारसे कधी गेले नव्हते, पण राज्यघटनेचं कुठलंही कलम विचारा, तोंडपाठ. आणि नुसतं पाठ नव्हे, त्यांचा त्यावर विश्वास होता. गावातली अर्धीअधिक माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. कोठारावर मका तोलणारे, बँकेत बसणारे, शेरीफच्या गाडीतून फिरणारे, सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी सिनेटर करून बाकावर उभं केलं होतं.

शाळा सुरू झाली की अठरा पूर्ण झालेल्या मुलांची मतदार नोंदणी ते वर्गातच करून घ्यायचे. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीने त्यांना तसा अधिकार दिला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. १९९८ साली गव्हर्नरची निवडणूक होती, त्यामुळे त्या वर्षी उत्साह जास्तच. कागद वाटून झाले आणि खिडकीजवळच्या बाकावरून कोरिन टीडमनने हात वर केला.

"सर, इथे विचारलंय, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का. माझा जन्म इक्वाडोरचा. काय लिहू?"

"लिही, केळ्यांच्या पेटीतून आले," मागून डेरिल म्हणाला. वर्ग हसला. कोरिनही हसली. लहानपणापासून ऐकत आलेली चेष्टा होती ती. वरच्या ओठावर तिला एक बारीक व्रण होता, हसताना तो पांढरा दिसायचा. दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी चर्चच्या लोकांनी तिला तान्ही असताना इथे आणलं होतं, आणि ऑर्विल आणि मार्लिस टीडमन यांनी तिला परत जाऊच दिलं नाही.

"तुझे आईवडील कुठले?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला माहितीये की. इथलेच."

"दत्तक कुठे घेतलं?"

"इथल्याच कोर्टात. त्या दिवशीचा फोटो आहे घरी. जज्जांनी मला कडेवर घेतलंय."

"मग झालं! कायद्याने तू त्यांची मुलगी. कर खूण 'हो'वर. आणि डेरिल, तू दुसऱ्याचं बघण्यापेक्षा स्वतःचं बघ. आडनावातलं एक अक्षर खाल्लंयस."

कोरिनने खूण केली. नोव्हेंबरात मतदान झालं तेव्हा चर्चच्या तळघरातल्या केंद्रावर दार उघडायच्या आधीच ती बाहेर उभी होती. मत देऊन थेट शाळेत आली आणि कोटावरचं 'मी मतदान केलं'चं चिकटपत्र सरांना दाखवत म्हणाली, "सर, मी ज्याला दिलं तो पडला तर?"

"तर पुढच्या वेळी परत देशील," सर म्हणाले.

ती हवाई दलात जाणार होती, परिचारिका म्हणून. ऑर्विलही तरुणपणी लष्करात होता, त्यामुळे घरात तिच्या भरतीचं कौतुक होतं. वसंत ऋतूत भरतीच्या ऑफिसातून फोन आला की बाकी सगळं ठीक आहे, फक्त नागरिकत्वाचा पुरावा सापडत नाही. ऑर्विलने घरातले सगळे खण उपसले. दत्तकाचा हुकूम सापडला. शस्त्रक्रियेच्या वेळचा व्हिसा सापडला, मुदत कधीच संपलेला. बाकी काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कोठारावरच्याच कपड्यांत, मक्याच्या भुशाने माखलेला, सरांच्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. ऑर्विल कमी बोलणारा माणूस. टोपी हातात फिरवत राहिला.

"वेंडल, जज्जाने माझ्याशी हात मिळवला होता. मार्लिसला म्हणाला, घरी घेऊन जा, आता तुमचीच. आम्ही घेऊन गेलो. त्यानंतर अजून काहीतरी करायचं असतं, हे आम्हाला कोण सांगणार होतं?"

"अरे, कागदांचा गोंधळ आहे हा," सर म्हणाले. "ओमाहाला इमिग्रेशनचं ऑफिस आहे. तिथे जाऊ, सगळं समोर ठेवू. आपण काही चोर नाही."

"वकील घ्यावा का?"

"खरं सांगायला वकील कशाला लागतो?"

शाळेचं वर्ष संपल्यावर ते दोघं कोरिनला घेऊन सरांच्या गाडीतून ओमाहाला गेले. मार्लिस घरीच थांबली. तिला शहरातल्या ऑफिसांची धडकी भरायची. वाटेत कोरिन मागे बसून बाहेरची शेतं बघत होती. मध्येच म्हणाली, "सर, समजा त्यांनी आडवेतिडवे प्रश्न विचारले, तर?"

"जे खरं आहे ते सांगायचं. लपवलंस की संशय येतो. तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

तिथला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने तिला पाणी दिलं. दत्तकाचा हुकूम वाचला, मान हलवली. मग एकामागून एक प्रश्न विचारत गेला. कधी अटक झाली आहे का? नाही. देश सोडून कधी बाहेर गेलात? नाही. आपण अमेरिकेचे नागरिक आहोत असं कधी कुठे सांगितलंय? कधी मतदान केलंय?

कोरिनने वळून सरांकडे पाहिलं. सरांनी हसून मान डोलावली. तिचं चिकटपत्र त्यांना आठवलं. चांगल्या नागरिकाची याहून मोठी खूण कोणती!

"हो," ती म्हणाली. "गेल्या नोव्हेंबरात. आमच्या केंद्रावर पहिलं मत माझं होतं."

अधिकाऱ्याची लेखणी थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"जरा बसा," म्हणून तो आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

रोझॅन हावरानेक नावाच्या लिंकनमधल्या वकीलबाईंकडे ते गेले तेव्हा हद्दपारीच्या सुनावणीची नोटीस येऊन पडली होती. बाई पन्नाशीच्या, आवाज घोगरा, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"नुसते कागद नव्हते एवढंच असतं, तर मार्ग होता. लांबचा असता, पण होता. पण नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगणं आणि मतदान करणं, या दोन गोष्टींना नव्या कायद्यात माफी नाही. चुकून केलं की मुद्दाम, ते विचारतच नाहीत. नोंदणीच्या कागदावर 'हो' कर म्हणून तिला कोणी सांगितलं?"

"मी," सर म्हणाले.

"आणि ऑफिसात जाऊन हे सगळं सांग म्हणून?"

"तेही मीच."

ऑर्विल गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत होता. कोरिनच म्हणाली, "सरांनी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम कोणीच नाही केलं, बाळा," हावरानेक बाई म्हणाल्या. "तीच तर पंचाईत आहे."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. सुरुवातीला सगळे हळहळले. चर्चमध्ये प्रार्थना झाली, बायकांनी टीडमनांच्या घरी जेवणाची भांडी पोचवली. मग हळूहळू दुसरे सूर निघू लागले. कॉफी प्यायला सर नेहमीच्या ठिकाणी गेले, तर लॅव्हर्न शुल्ट्झ खुर्ची त्यांच्याकडे वळवून बसला. लॅव्हर्न ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा.

"पोरगी चांगली आहे, वाद नाही. पण कायदा म्हणजे कायदा, वेंडल. माझ्या पोराला तूच शिकवलंस. माणसांचं नाही, कायद्याचं राज्य! फळ्यावर लिहून पाठ करून घेतलं होतंस."

"हो, शिकवलं होतं."

"मग आता?"

कॉफी तशीच ठेवून सर उठले. हे वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, आणि प्रत्येक वेळी किती छाती फुगवून! राजा असो की भिकारी, कायदा तोंड बघत नाही. त्या न बघण्याची बाजू दुसरीही असते, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांनी जमेल ते केलं. खासदाराला पत्रं लिहिली, त्याच्या कचेरीत जाऊन बसले. तिथल्या मुलीने सांगितलं की अशा दत्तक मुलांसाठी वॉशिंग्टनमध्ये एक विधेयक येऊ घातलंय. "सध्या समितीत आहे," ती म्हणाली. सरांना हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

सुनावणी ओमाहालाच झाली. त्या वेळी मार्लिसही आली. ठेंगणी, गुबगुबीत बाई, चर्चला घालायचा निळा पोशाख घालून पर्स पोटाशी घट्ट धरून बसलेली. त्या दिवसापर्यंत ती सरांशी मोजकं का होईना बोलत होती. सरांची साक्ष झाली. त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. तिने विचारलं होतं, मी सांगितलं. मी शिक्षक आहे, तिने माझ्यावर विश्वास ठेवला. शिक्षा द्यायची तर मला द्या.

न्यायाधीश म्हातारे होते. त्यांनी मध्ये अडवलं नाही, सगळं बोलू दिलं.

"टॉफ्ट, तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे," ते शेवटी म्हणाले. "या मुलीच्या मनात खोटेपणा नव्हता, यावरही आहे. पण ज्या गोष्टीवर मला निकाल द्यायचाय, त्यात तिच्या मनात काय होतं हा प्रश्नच येत नाही. तो प्रश्न कायद्यातून काढून टाकलाय. मी तो परत घालू शकत नाही. घालायला लागलो तर मी न्यायाधीश राहणार नाही, आणि हे तुम्ही तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगत असाल."

सरांनी मान खाली घातली. कारण खरंच, ते हेच समजावून सांगत असत. कायदा करणारे वेगळे, त्याचा अर्थ लावणारे वेगळे. परीक्षेत हा प्रश्न हमखास असायचा.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात मार्लिस त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"तिला वाचता येत होतं, वेंडल," ती म्हणाली. "तिने प्रश्न वाचला होता. तिला शंका आली होती. तिची शंका बरोबर होती."

एवढंच बोलून ती ऑर्विलचा दंड धरून निघून गेली. त्यानंतर ती सरांशी बोलली नाही.

हद्दपारीच्या निकालावर हावरानेक बाईंनी अपील केलं, ते फेटाळलं गेलं. स्वतःहून निघून गेली तर निदान बेड्या पडणार नाहीत, एवढीच तडजोड त्यांच्या हाती लागली. २०००च्या उन्हाळ्यात, मका डोक्याएवढा वाढला होता तेव्हा, कोरिन गेली. स्पॅनिश तिला शाळेत शिकवलं होतं तेवढंच यायचं. ग्रंथालय कुठे आहे आणि माझ्या बहिणीचे केस लाल आहेत, असलं. इक्वाडोरमधल्या ग्वायाकिलला चर्चच्या ओळखीचं एक कुटुंब तिला उतरवून घेणार होतं.

विमानतळावर मार्लिस तिला सोडतच नव्हती. ऑर्विलने दोघींना धरलं होतं. सर लांब खांबापाशी उभे होते. यावं की येऊ नये, याचा त्यांनी रात्रभर विचार केला होता. कोरिन स्वतःच त्यांच्याकडे आली. तिने केस कापून घेतले होते, त्यामुळे वयाने लहान दिसत होती.

"सर, एक सांगू?"

"सांग."

"त्या ऑफिसात तुम्ही मला खोटं बोल म्हणाला असतात ना, तर मी बोलले असते. तुम्ही जे म्हणाला असतात ते केलं असतं."

ती रागाने म्हणाली असती तर त्यांना सोसलं असतं. पण ती त्यांच्याकडे बघत होती ती वर्गात बघायची तशी, उत्तराची वाट बघत. मग तिने त्यांना मिठी मारली आणि पिशवी उचलून रांगेत जाऊन उभी राहिली.

पानगळ सुरू झाली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस खासदाराच्या कचेरीतून त्या मुलीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. विधेयक पास झालं! राष्ट्राध्यक्षांची सहीसुद्धा झाली! तिने मसुदा पाठवला, तो सरांनी उभ्या उभ्या वाचला. पहिल्या भागात दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व होतं, पण अठराच्या आतल्यांना. कोरिन वीस वर्षांची झाली होती. दुसऱ्या भागाशी आल्यावर त्यांनी ओळींवर बोट ठेवून सावकाश वाचलं. आईवडील अमेरिकन असतील, लहानपणापासून इथेच वाढलेली व्यक्ती असेल, आणि आपण नागरिक आहोत असं तिला मनापासून वाटत असेल, तर केलेल्या मतदानासाठी तिला देशाबाहेर काढता येणार नाही. जणू कोणीतरी कोरिनला समोर बसवून तिच्या मापाने लिहिलं होतं.

त्यांनी लगेच हावरानेक बाईंना फोन लावला.

"वाचलंय मी," बाई म्हणाल्या. "सकाळपासून तेच घेऊन बसलेय. ती इथे असती तर आज मी तिला घरी पाठवलं असतं. पण ती बाहेर आहे, वेंडल. प्रकरण बंद झालंय. बाहेरून ते पुन्हा उघडायचं तर दारं वेगळी, आणि त्यातली बहुतेक भिंतीवर नुसती रंगवलेली आहेत. अर्ज करते. पण ऑर्विलला आशा लावू नका."

"थोडे महिने," सर म्हणाले. "थोडे महिने आणखी ताणता आलं असतं तर."

"हो," बाई म्हणाल्या.

अर्ज गेला. उत्तर आलं नाही. पुन्हा गेला, अपुरा म्हणून परत आला. त्याच हिवाळ्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या मतमोजणीचा घोळ चालला होता, टीव्हीवर माणसं भिंग लावून मतपत्रिकांवर मतासाठी पाडलेली भोकं तपासत होती. वर्गातली मुलं विचारायची, सर, एकेका मताला खरंच एवढी किंमत असते? सर म्हणायचे, पुस्तक उघडा. आता ते पुस्तकातूनच शिकवत. कोपऱ्यातली सिनेट बंद झाली होती. मुख्याध्यापकांनी एकदा काळजीने विचारलं, तेव्हा "आवाज बसतो हल्ली," म्हणाले. मुलं त्यांच्या तासाला डुलक्या काढू लागली आणि त्यांनी कोणाला उठवलं नाही.

ग्वायाकिलमध्ये कोरिन इंग्रजीच्या शिकवण्या घेऊ लागली होती. ऑर्विल दर रविवारी तिच्याशी बोलायचा आणि सोमवारी कोठारावर जाताना सरांच्या गाडीशी थांबून खबर द्यायचा. बरी आहे. तिथे उकडतं फार. लोक तिला 'ग्रिंगा' म्हणून हाक मारतात, म्हणजे अमेरिकन बाई. तो सरांवर कधी रागावला नाही. रागवायला लागणारी ताकदच त्याच्यात उरली नव्हती. दिवसेंदिवस तो वाळत चालला होता, आणि दोन वर्षांनी, मार्चमध्ये, कोठाराच्या शिडीवरच त्याचं हृदय बंद पडलं.

दफनाच्या दिवशी सकाळी सरांच्या दारावर थाप पडली. बाहेर मार्लिस उभी होती, अंगावर काळा कोट. तिच्या हातात भाच्याचा मोबाइल फोन होता.

"तिला येता येत नाही," मार्लिस म्हणाली. इतक्या काळानंतरचे तिचे हे पहिले शब्द. "मला दफनभूमीत फोन धरून उभं राहवणार नाही. भाच्यांना खांदा द्यायचाय. तू धर."

सरांनी फोन घेतला.

गावाबाहेरच्या टेकाडावर वारा असा सुटला होता की पाद्रीबाबांच्या हातातली पानं फडफडत होती. बर्फ अजून कुठे कुठे साचून होतं. सर खड्ड्यापासून दोन हातांवर, फोन पाद्रीबाबांच्या दिशेने धरून उभे राहिले. बोटं गारठली. लॅव्हर्न शुल्ट्झ समोरच्या बाजूला होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. प्रार्थना सुरू झाली. थोड्या वेळाने फोनमधून बारीक आवाज येऊ लागला. सरांनी तो कानाला लावला.

"सर? मला काहीच ऐकू येत नाहीये. नुसता वारा येतोय."

"पाद्रीबाबा बोलतायत," ते कुजबुजले. "थांब, मी आणखी जवळ जातो."

"नको. तुम्हीच सांगा ना. काय चाललंय तिथे?"

सर बोलू लागले. शवपेटी अक्रोडाच्या लाकडाची आहे, बाळा. वर झेंडा पसरलाय, लष्करातला होता म्हणून. आई पुढे उभी आहे, तिच्या एका बाजूला तुझा मोठा मावसभाऊ आहे, दुसऱ्या बाजूला कोणी नाही. कोठारावरची सगळी माणसं आली आहेत, टोप्या काढून उभी आहेत. आता झेंड्याची घडी घालतायत. घडी आईच्या हातात दिली. आता दोर सैल करतायत.

सरांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"कोरिन, आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "सांगत राहा."